मत्स्यालय दीड तासाचं, टूर दोन दिवसांची! नरडाण्याहून सुरत सहलीचा छोटा व्यवसाय कसा मांडायचा?



"सर, भांडवल कमी आहे, दुकान नाही, पण गावात ओळखी भरपूर आहेत. काय करू?" हा प्रश्न आपल्याकडे सारखा येतो. त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात टूरचा व्यवसाय असतो. कोणाच्या भावाची टेम्पो ट्रॅव्हलर असते, कोणाची ताई बचत गट चालवते, कोणी शाळेत शिक्षक असतो. माणसं गोळा करण्याची ताकद असते, पण "न्यायचं कुठे आणि दाखवायचं काय" याचं उत्तर नसतं. मग शिर्डी-शनिशिंगणापूर, नाहीतर सप्तशृंगी गड. तिथे आधीच दहा जण उभे आहेत.

आज आपण एक वेगळं ठिकाण बघू. आपल्या नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, अमळनेर पट्ट्याला सगळ्यात जवळचं मोठं समुद्राकाठचं शहर म्हणजे सुरत. तिथे पाल भागात महानगरपालिकेचं जगदीशचंद्र बोस मत्स्यालय आहे, २०१४ मध्ये सुरू झालेलं. गोड्या पाण्यातले आणि समुद्रातले, दोन्ही प्रकारचे मासे तिथे मोठमोठ्या काचेच्या टाक्यांत बघायला मिळतात. ज्या मुलाने फक्त तापीतला आणि बाजारातला मासा पाहिलाय, त्याच्यासाठी डोक्याजवळून पोहत जाणारा शार्क ही आयुष्यभर लक्षात राहणारी गोष्ट आहे.

पण एक गोष्ट पहिल्यांदाच समजून घ्या. मत्स्यालय बघायला लागतो एक-दीड तास. दीड तासासाठी कोणी सव्वादोनशे किलोमीटर जात नाही. गावात विचाराल तर म्हातारी माणसं सरळ विचारतील, "सुरतमा काय शे देखाले?" या प्रश्नाचं उत्तर जो नीट देईल, त्याचीच टूर भरेल. मत्स्यालयाचं तिकीट कोणीही काढू शकतो. तुमची कमाई आहे ती आजूबाजूची ठिकाणं नीट जोडण्यात.

आधी रस्ता समजून घ्या, कारण टूर गाडीत बसल्यापासून सुरू होते

नरडाणा सुरत-भुसावळ रेल्वे लाइनवर आहे आणि मुंबई-आग्रा महामार्गावरही आहे. ही आपल्या गावाची मोठी जमेची बाजू. उधना ते जळगाव हा ३०६ किलोमीटरचा मार्ग आता दुहेरी झालाय. रेल्वेने साधारण चार-पाच तास. मात्र सगळ्या गाड्या नरडाण्याला थांबत नाहीत. काही गाड्यांसाठी दोंडाईचा, नंदुरबार किंवा अमळनेर गाठावं लागतं, आणि काही गाड्या सुरत स्टेशनला न जाता उधन्यालाच संपतात. तिकीट काढताना हे तपासा, नाहीतर रात्री उधन्याला सोळा माणसं घेऊन रिक्षा शोधत बसाल.

रस्त्याने गेलात तर धुळे, साक्री, कोंडाईबारी घाट, नवापूर, सोनगढ, व्यारा, बारडोली आणि सुरत. या वाटेवरच तुमच्या टूरची अर्धी गंमत आहे.

नवापूर स्टेशन: अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. एका बाकाचा एक भागही एका राज्यात आणि दुसरा दुसऱ्या राज्यात. रेल्वेने जाणाऱ्या ग्रुपला हे आधी सांगून ठेवा. गाडी थांबली की सगळे खिडकीशी येतात. खर्च शून्य, आठवण पक्की.

सोनगढ आणि उकाई: सोनगढचा किल्ला गायकवाडांचा. बडोद्याला जाण्याआधी पिलाजीराव गायकवाडांचं ठाणं इथे होतं. जवळच तापीवरचं उकाई धरण. आपल्या शिंदखेडा तालुक्यात मुडावदला पांझरा तापीला मिळते, पुढे प्रकाशाला आपण जिचं दर्शन घेतो, तीच तापी इथे अडवली आहे आणि तीच पुढे सुरतेतून समुद्रात जाते. मध्य प्रदेशातल्या मुलताईपासून समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटरचा तिचा प्रवास. "आपली नदी समुद्राला कुठे मिळते ते बघायला चला," हे वाक्य कुठल्याही फ्लेक्सपेक्षा जास्त काम करेल.

बारडोली: १९२८ चा शेतसाऱ्याविरुद्धचा सत्याग्रह इथला. वल्लभभाई पटेलांना 'सरदार' ही ओळख याच लढ्याने दिली. इथला स्वराज आश्रम बघायला फार वेळ लागत नाही. आपला ग्राहक शेतकरी आहे. सारा, दुष्काळ, जप्ती हे शब्द त्याला समजावून सांगावे लागत नाहीत.

सुरत शहरात काय दाखवाल?

१. सुरतचा किल्ला. तापीच्या काठावर, सोळाव्या शतकातला. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून शहर वाचवायला गुजरातच्या सुलतानाच्या काळात खुदावंदखानाने तो बांधून घेतला. महानगरपालिकेने आता दुरुस्त करून आत संग्रहालय केलंय. मराठी माणसाला इथे वेगळं काही सांगावंच लागत नाही. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा शहराचा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात जाऊन बसला. महाराज दुसऱ्यांदा आले ऑक्टोबर १६७० मध्ये, आणि परतताना वणी-दिंडोरीची लढाई झाली. पुस्तकातली ही पानं ग्राहकाला किल्ल्याच्या भिंतीजवळ उभं करून सांगा.

आणि तुम्ही उद्योजक आहात म्हणून आणखी एक नाव लक्षात ठेवा: वीरजी व्होरा. सतराव्या शतकातला सुरतचा व्यापारी. इंग्रज कंपनीला भांडवल लागलं की ती त्याच्याकडून व्याजाने पैसे घ्यायची. ज्यांनी पुढे देशावर राज्य केलं, ते त्या काळात आपल्या एका व्यापाऱ्याच्या ओट्यावर कर्जासाठी बसलेले होते. ही गोष्ट तरुणांच्या ग्रुपला सांगून बघा, टाळ्या येतील.

२. इंग्रज आणि डच कबरस्तान. कबरस्तान बघायला कोण येणार, असं वाटेल. पण या कबरी नाहीत, छोटे महालच आहेत. घुमट, खांब, कमानी. इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्सेंडन, ज्याने १६६४ मध्ये वखार लढवली, तो १६६९ मध्ये वारला आणि इथेच आहे. डच भागात व्हॅन रीड नावाच्या अधिकाऱ्याची कबर आहे, १६९१ ची. मलबारातल्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा मोठा ग्रंथ याच माणसाने तयार करवला. अर्धा तास पुरे. फोटो इथे सगळ्यात चांगले येतात.

३. गोपी तलाव. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक गोपी या श्रीमंत व्यापाऱ्याने बांधलेला. आता सुधारून संध्याकाळी फिरण्याची जागा झालीय. दिवसभर चाललेल्या म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा लागते. टूर आखताना ही गोष्ट नवीन माणूस हमखास विसरतो.

४. सायन्स सेंटर आणि सरथाणा नेचर पार्क. शाळेची सहल असेल तर ही दोन ठिकाणं धराच. सायन्स सेंटरमध्ये तारांगण आहे. सरथाण्याला वाघ-सिंहांबरोबर पाणमांजरं आहेत. मत्स्यालय, तारांगण आणि प्राणिसंग्रहालय मिळून मुख्याध्यापकांना दाखवायला 'शैक्षणिक सहल' तयार झाली.

५. रिंग रोडचे कापड बाजार. बचत गटाच्या ताई सुरतेला येतात त्या माशांसाठी नाही, साड्यांसाठी. तीन तास मोकळे द्या. पण आधी स्पष्ट सांगा की बरीच दुकानं घाऊक आहेत, एक-दोन साड्या मागितल्या तर देणार नाहीत. गटाने एकत्र खरेदी केली तर भाव मिळतो. इथून माल नेऊन गावात विक्री सुरू करणारी ताई तुमच्या टूरमधूनच तयार होऊ शकते. तिला वर्षातून चार वेळा सुरत लागेल, म्हणजे चार वेळा तुम्ही लागाल.

६. खाणं. सकाळी लोचो, दुपारी गुजराती थाळी, परतीच्या पिशवीत घारी. थंडीत गेलात तर पोंक, म्हणजे कोवळ्या ज्वारीचा हुरडाच. आपल्या माणसाला हुरडा नवा नाही, पण त्याचे वडे आणि त्याच्याबरोबरची शेव नवी आहे. "बघा, आपलीच ज्वारी इथे कशी विकली जाते" हे शेतकऱ्याच्या मुलाला दाखवा. त्यातून एखादा हुरडा पार्टीचा व्यवसाय निघेल.

शहराबाहेर: समुद्र आणि दांडी

डुमस: काळ्या वाळूचा किनारा आणि टोमॅटोची भजी. खान्देशातल्या बऱ्याच माणसांसाठी आयुष्यातला पहिला समुद्र हाच असतो. लोक इथल्या भुताच्या गोष्टी विचारतील. हसून सोडून द्या. डुमसला घाबरायचं ते भुताला नाही, भरतीला.

हे नीट वाचा. खंभातच्या आखाताजवळच्या या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत पाणी फार मोठ्या अंतराने पुढे-मागे होतं. ओहोटीला लांबपर्यंत ओली, मऊ जमीन उघडी पडते. माणसं चालत आत जातात, हौशी लोक गाड्या घालतात आणि गाडी रुतते. मग पाणी परत येतं. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणून मागच्या टूरची वेळ या टूरला चालत नाही. जाण्याच्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक बघा, ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर पोहोचा, आणि पाणी चढायला लागण्याआधी सगळ्यांना गाडीत बसवा.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले विद्यार्थी बुडाले. ती मुलंही मजा करायलाच गेली होती. आपली मुलं विहिरीत पट्टीची पोहतात, म्हणून समुद्रात पोहता येतं असं नाही. विहिरीचं पाणी ओढत नाही, समुद्राचं ओढतं. तुमच्या टूरचा नियम एकच ठेवा: घोट्यापर्यंत पाणी, त्याच्या पुढे कोणी नाही, शिट्टी वाजली की बाहेर. ज्याला हे मान्य नाही त्याचे पैसे गावातच परत करा. एक ग्राहक गेला तर चालेल, पण ज्या माणसाला घेऊन गेलात तो परत आलाच पाहिजे.

दांडी: नवसारी जिल्ह्यात, सुरतहून अर्ध्या दिवसात होतं. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी इथे मीठ उचललं. २०१९ मध्ये खुलं झालेलं राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक मोठं आणि नीटनेटकं आहे. यात्रेतल्या सत्याग्रहींचे पुतळे ओळीने चालताना दिसतात. शाळेच्या सहलीला डुमसऐवजी दांडी घ्या. समुद्र दिसतो आणि अभ्यासही होतो.

हजिरा-घोघा फेरी: नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेली रो-पॅक्स सेवा. रस्त्याने ३७० किलोमीटरचं अंतर समुद्रातून ९० किलोमीटर होतं. दोन दिवसांत हे बसणार नाही. पण तुमच्या दोन-तीन टूर नीट पार पडल्या की भावनगर-पालिताण्याची तीन-चार दिवसांची टूर याच्यावर उभी करता येईल. तेव्हा फेरी चालू आहे का, हवामान कसं आहे, हे आधी विचारून घ्या.

वार कोणता? इथेच नवीन माणूस फसतो

रिंग रोडचे घाऊक कापड बाजार बहुतेक रविवारी बंद असतात. मत्स्यालयासारख्या पालिकेच्या ठिकाणांना सोमवारची सुट्टी धरून चाला. म्हणजे रविवार-सोमवारची टूर काढली, की पहिल्या दिवशी ताई नाराज आणि दुसऱ्या दिवशी मुलं नाराज. शनिवार-रविवार काढा: शनिवारी किल्ला आणि बाजार, रविवारी मत्स्यालय आणि समुद्र. निघायच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक ठिकाणी फोन करून वेळ आणि तिकिटाचा दर विचारा. वहीत लिहा. "मागे चालू होतं" हे उत्तर ग्राहकाला चालत नाही.

आता हिशेब. पेन घ्या.

खालचे आकडे मासल्याचे आहेत. पद्धत शिका, भाव तुमच्या भागातले टाका. १७ सीटची गाडी धरू. एक सीट तुमची, म्हणजे ग्राहक १६. दोन दिवस, एक मुक्काम.

*डोक्यामागे खर्च:* मुक्काम ८०० (दोघांत एक खोली), जेवण-नाश्ता ८८०, तिकिटं २००. एकूण १,८८० रुपये. माणूस आला तरच हा खर्च होतो.

*ठरलेला खर्च (गाडी गावातून नेली तर):*
- ६५० किलोमीटर, २४ रुपये दराने: १५,६००
- ड्रायव्हर भत्ता: १,०००
- टोल, पार्किंग, कर: ३,०००
- तुमची आणि ड्रायव्हरची खोली: १,६००
- तुमचं दोघांचं जेवण: १,७६०
- तुमची तिकिटं: २००
- औषधं, पाणी, अचानक खर्च: १,५००
- जाहिरात: १,०००

एकूण २५,६६० रुपये. हा खर्च दहा माणसं आली तरी होणार आणि सोळा आली तरी होणार.

आता माणशी ३,९०० रुपये घेतले. त्यातून डोक्यामागचे १,८८० वजा केले तर उरले २,०२०. ठरलेल्या २५,६६० ला २,०२० ने भागा. उत्तर येतं १२.७. म्हणजे तेरावा माणूस येईपर्यंत तुम्ही फुकट काम करताय. तेरा आले तर हातात ६०० रुपये. सोळा आले तर ६,६६०. आणि ऐन वेळी घटून दहाच राहिले तर ५,४६० रुपये तुमच्या खिशातून.

आता दुसरा रस्ता बघा. ग्राहक रेल्वेने येतील, आपापल्या तिकिटाचे पैसे वेगळे. सुरतेत दोन दिवसांसाठी स्थानिक गाडी घेतली, समजा ९,००० मध्ये. तुमची खोली १,६००, जेवण ८८०, तिकिटं २००, रेल्वे भाडं ६००, अचानक खर्च १,५००, जाहिरात १,०००. एकूण ठरलेला खर्च १४,७८०. माणशी ३,२०० घेतले तर डोक्यामागे उरतात १,३२०. आता बारा माणसांत खर्च निघतो. सोळा आले तर ६,३४० उरतात, जवळजवळ तेवढेच. पण दहाच आले तर तोटा किती? फक्त १,५८०.

फरक समजला का? पूर्ण भरली तर दोन्हीकडे कमाई सारखीच. घटली तर पहिल्या पद्धतीत साडेपाच हजार जातात, दुसरीत दीड हजार. घरच्यांना सांगितलेलं नसताना बायकोच्या बचतीतून साडेपाच हजार भरायला लागले, की माणूस दुसरी टूर काढत नाही. व्यवसाय तिथेच संपतो. म्हणून पहिल्या दोन टूर रेल्वेने करा. हक्काचे ग्राहक तयार झाले की गाडी गावातून न्या, म्हणजे वाटेतलं सोनगढ, उकाई, बारडोलीही दाखवता येईल.

कायद्याच्या चार गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही

रेल्वे तिकीट: स्वतःच्या आयडीवर लोकांची तिकिटं काढून वर पैसे घेणं हा गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४३, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "मी तर गावाच्या लोकांची सोय करतोय" हे तिथे चालत नाही. ग्राहकाला स्वतः काढू द्या किंवा अधिकृत एजंटकडून काढा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याप्रमाणे तारीख जाहीर करा.

गाडी: पांढऱ्या नंबर प्लेटची खाजगी गाडी भाड्याने चालवता येत नाही. पिवळी प्लेट, राज्याबाहेर जायचं टुरिस्ट परमिट, विमा, फिटनेस, सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये घ्या आणि मगच अॅडव्हान्स द्या. अपघात झाला आणि परमिट नसलं तर विमा कंपनी हात वर करते. मग तो भार तुमच्यावर येतो.

दारू: गुजरातमध्ये दारूबंदी आहे. नवापूर ओलांडलं की पिशवीतली एक बाटली पूर्ण ग्रुपला पोलीस ठाण्यात नेऊ शकते आणि गाडी अडकू शकते. "आपलेच भाऊ आहेत" म्हणून लाजू नका. पैसे घेतानाच सांगा आणि पावतीवर छापा.

नोंदणी: उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पुढे जाताना आपल्या सीएला विचारा. शाळेची सहल घेणार असाल तर शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची संमती शाळेकडून लेखी घ्या, तोंडी नाही.

विश्वासाचा व्यवसाय आहे, म्हणून हे चार नियम

पहिला, अर्धे पैसे आगाऊ, उरलेले निघायच्या तीन दिवस आधी. कोणी रद्द केलं तर किती परत मिळणार, ते पावतीवर लिहा. गावात "बघू नंतर" म्हटलं की नंतर भांडण होतं.

दुसरा, टूरचे पैसे वेगळ्या खात्यात. लोकांचा अॅडव्हान्स म्हणजे तुमची कमाई नाही. टूर पूर्ण होईपर्यंत ती अमानत आहे. त्यातून घरचा किराणा भरला, की खोलीचं भाडं देताना हात थरथरतो.

तिसरा, दुकानदाराकडून लपून कमिशन घेऊ नका. साडीवर पन्नास रुपये जास्त लागले हे ताईंना परत गेल्यावर कळतंच. ती बातमी नरडाण्याच्या बाजारात तुमच्या आधी पोहोचलेली असते.

चौथा, आधी स्वतः एकटे जाऊन या. पाहणी केल्याशिवाय माणसं नेऊ नका. रेल्वेने जा, एक मुक्काम करा, चार हॉटेलं बघा, जेवून बघा, मत्स्यालयात लागलेला वेळ घड्याळावर मोजा, स्वच्छतागृह कुठे आहे ते लिहा. विशेषतः हे शेवटचं. बायकांच्या टूरमध्ये स्वच्छतागृहाची माहिती असणारा माणूसच पुढच्या वेळी बोलावला जातो.

आणि एक फायदा आपल्याकडे आहे, जो मोठ्या कंपनीकडे नाही. सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत आपल्या खान्देशची असंख्य घरं आहेत. कोणाचा मामा, कोणाची बहीण तिथे आहेच. अडचणीच्या वेळी रात्री दोन वाजता अहिराणीत बोलणारा माणूस फोन उचलतो, यासारखा विमा नाही. पाहणीला जाल तेव्हा अशा दोन-तीन घरी चहा घेऊन या, नंबर घेऊन या. त्यांच्यातूनच चांगला ड्रायव्हर, चांगली खानावळ सापडेल. त्यांच्या कामाचे पैसे मात्र द्या. नातं आहे म्हणून फुकट राबवू नका.

या आठवड्याचं काम

मित्रांनो, लेख वाचून "छान आहे" म्हणणं सोपं आहे. रविवारपर्यंत एवढंच करा:

१. ओळखीच्या वीस जणांना विचारा, "सुरत दोन दिवस, मत्स्यालय आणि समुद्र, येणार का?" फक्त 'हो' लिहू नका. "अॅडव्हान्स कधी द्याल?" हेही विचारा. तारीख सांगतो तोच ग्राहक.

२. वरचा हिशेब तुमच्या भागातल्या भावाने पुन्हा मांडा आणि कितव्या माणसावर खर्च निघतो तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

३. पाहणीची तारीख ठरवून रेल्वेचं एक तिकीट काढा. एकच, तुमचं स्वतःचं.

अॅडव्हान्स देणारे आठ जण सापडले नाहीत तर टूर काढू नका. थांबा, ग्रुप बदला, तारीख बदला. न काढलेल्या टूरमध्ये तोटा नसतो. आणि सापडले तर मागे हटू नका. त्या आठांतून सोळा करायचं काम पाहणीहून आणलेले तुमचे फोटो करतील.

तुमचा आकडा किती आला, तेरा की बारा, ते आम्हाला नक्की कळवा. व्यवसायाला शुभेच्छा!